मॉड्युलेशन लावलं की सूर उतरतो: सीव्ही पॅचिंगचा परत परत येणारा त्रास

तिसऱ्यांदा तोच त्रास झाला म्हणून आता लिहूनच ठेवतोय, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात मी परत पहिल्या पानापासून सुरू करणार आणि परत एक रविवार घालवणार.

सेटअप लई मोठा नाही. एक सेमी-मॉड्युलर सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य, ज्याचे भाग बाहेरून केबल लावून, म्हणजे पॅच करून, जोडता येतात), त्याच्याजवळ घरीच जोडलेली छोटी युरोरॅक पेटी (सुटी मॉड्युलं बसवायची चौकट), त्यात दोन व्हीसीओ (व्होल्टेजप्रमाणं स्वर बदलणारे ऑसिलेटर, मूळ आवाज इथं तयार होतो), एक फिल्टर (आवाज उजळ-मंद करणारा), एक एलएफओ (सावकाश वर-खाली होणारं व्होल्टेज देणारा, त्यानं आवाज हलवायचा म्हणजे मॉड्युलेशन), एक एन्व्हलप (स्वर दाबला की चढून उतरणारं व्होल्टेज). पॉवर सप्लाय पण घरचाच (तो पुढं गोष्टीत येणार आहे, आणि चांगल्या कारणासाठी न्हवे). घर कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला, म्हणजे दिवसभर लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगची संगत.

या सगळ्याचा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्यांचा तानपुऱ्याचा भोपळा तडकला तेव्हा मी सहज म्हणालो की काकू, मी ड्रोन करून देतो, दोन ऑसिलेटर, फिल्टर हळूहळू उघडझाप होणार, जवारीसारखं (तानपुऱ्याच्या तारेची झणझण) काहीतरी वाटेल. काकू म्हणाल्या बघू. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, देवल क्लबच्या (गाण्याची जुनी संस्था) मैफली ऐकत म्हातारी झालेली बाई, तिला काहीतरी "वाटेल" म्हणून भागत नाही हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

लक्षण असं. कीबोर्डवर काळी चार दाबून धरायची, त्याचा सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज, कोणता स्वर ते सांगणारं) मल्टमधून (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारा जोड) दोन्ही व्हीसीओंना, काकूंच्या पेटीबरोबर (हार्मोनियम) दोन्ही मिळवून घ्यायचे, मस्त लागतात. मग फिल्टरला पण तोच सीव्ही दिला (म्हणजे स्वर बदलला तरी फिल्टर सोबत सरकावा) आणि एलएफओ लावला. दोन मिनिटांत काकू गाणं थांबवून म्हणाल्या, "अरे, तुझा षड्ज पडालाय बघ."

मला काहीच ऐकू येत न्हवतं. मी म्हटलं काकू दोन्ही ऑसिलेटर एकमेकांशी पक्के जुळलेत, बीट्स (दोन सूर किंचित वेगळे असले की येणारे हेलकावे) येत नाहीत, बघा की. त्या म्हणाल्या एकमेकांशी जुळले असतील, पेटीशी कुठं जुळतात? आणि पेटीचा सूर धरला. खरंच. दोघेही मिळून, हातात हात घालून खाली गेले होते.

इथं मी पहिली चूक केली ती सांगतो, कारण नव्वद टक्के लोक हीच करतात. मला वाटलं व्हीसीओचं कॅलिब्रेशन गेलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्केलचा ट्रिमर (सप्तकागणिक स्वर बरोबर बसवायचा बारीक स्क्रू) फिरवला. बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी फिल्टरची केबल काढलेली होती तर सूर चढा. परत फिरवला. तिसऱ्या दिवशी केबल लावली, परत उतरला. असं आठवडाभर, आणि शेवटी दोन्ही व्हीसीओंचं स्केल इतकं बिघडलं की मंद्र सप्तकात बरोबर आणि तार सप्तकात रडगाणं. ट्रिमरला हात लावायच्या आधी थांबा, एवढं ऐका माझं.

आता मोजायचं कसं. १ व्होल्ट पर ऑक्टेव्ह म्हणजे एका ऑक्टेव्हला (सप्तकाला) १ व्होल्ट, बारा सेमीटोन, एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट, आणि १ मिलिव्होल्ट म्हणजे १.२ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे सेंट). हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धे प्रश्न कागदावर सुटतात. साधा स्वस्तातला पिवळा मल्टीमीटर घ्या, २० व्होल्टच्या रेंजला ठेवा, आणि महत्त्वाचं म्हणजे केबल लावलेल्या असताना मोजा. मी आधी कीबोर्डच्या आउटला केबल लावून दुसरं टोक उघडं ठेवून मोजत होतो, तिथं दरवेळी २.०० व्होल्ट, आणि मी म्हणायचो सीव्ही तर बरोबर आहे. नळाला पाणी आहे का हे बाकीच्या तोट्या बंद ठेवून बघण्यातला प्रकार आहे हा. मल्टला एखादं भोक रिकामं असतं, तिथं एक जादा केबल खुपसायची, तिच्या दुसऱ्या टोकाला पिनच्या टोकाला लाल आणि मागच्या बाहीला काळी क्रोकोडाइल क्लिप, आणि मग एकेक केबल लावत आकडा बघायचा.

माझे आकडे असे आले: काहीच लावलं नाही तर २.००. एक व्हीसीओ लावला, १.९८. दुसरा लावला, १.९६. फिल्टर लावला, १.९४.

बसलो मी तिथंच. चोर असा उजेडात उभा होता.

कारण असं की माझा मल्ट पॅसिव्ह आहे, म्हणजे चार जॅक एकमेकांना वायरने जोडलेले, आत बाकी काही नाही. कीबोर्डच्या आउटपुटला आत १ किलोओहमचा रेझिस्टर आहे (शॉर्ट झालं तर आयसी जळू नये म्हणून असतो), आणि प्रत्येक इनपुट साधारण १०० किलोओहमचं. एक इनपुट लावलं की १०० भागिले १०१, म्हणजे एक टक्का गेला. दोन लावले की ते दोन समांतर, ५० किलोओहम, ५० भागिले ५१, दोन टक्के गेले. तीन लावले की जवळजवळ तीन. काकूंच्या पेटीशी जुळवताना दोन व्हीसीओ लावलेले होते, १.९६ ला, फिल्टर लावला आणि १.९४ झालं, म्हणजे साधारण १९-२० मिलिव्होल्ट, तेवीस-चोवीस सेंट. पाव सेमीटोन. दोन्ही व्हीसीओ एकाच मल्टवर, म्हणून दोघं बरोबरच उतरले आणि बीट्स आल्या नाहीत, आणि मी बीट्स ऐकायच्या नादात बसलो होतो.

आणि गंमत अशी की टक्क्यात जातं म्हणून वरच्या स्वरांना जास्त लागतं. ० व्होल्टला काहीच फरक नाही, ५ व्होल्टला भरपूर. ट्रिमर फिरवून "बरोबर" होतं ते याच्यामुळंच, ट्रिमर पण टक्क्यातच काम करतो, पण तो एका ठराविक केबलसंख्येपुरता बरोबर होतो. काही बनवणारे तो १ किलोओहमचा रेझिस्टर ऑप-अॅम्पच्या (व्होल्टेज सांभाळणाऱ्या आयसीच्या) फीडबॅकच्या आत घेतात, तिथं हा त्रास होत नाही, म्हणून एकाच मल्टवर मित्राच्या सिंथला काही होत नाही आणि आपल्याला होतं, आणि आपण उगाच आपल्या नशिबाला शिव्या घालतो.

उपाय बफर्ड मल्ट, म्हणजे मध्ये ऑप-अॅम्प असलेला, जो केबल वाढल्या तरी व्होल्टेज पडू देत नाही. विकत मिळतो, पण एक टीएल०७२ आयसी, दोन डीकपलिंग कपॅसिटर आणि व्हेरोबोर्डचा तुकडा एवढ्यात घरी होतो. आयसीत दोन ऑप-अॅम्प असतात, दोन्ही फॉलोअर (आत जेवढं तेवढंच बाहेर) म्हणून जोडायचे, आउटपुट उलट्या (-) इनपुटला, सीव्ही सुलट्या (+) इनपुटला. शॉर्टपासून वाचवायला रेझिस्टर घालणार असाल तर तो फीडबॅकच्या लूपच्या आत घाला, नाहीतर एवढं सगळं करून परत तिथंच. मी पहिला बोर्ड केला तेव्हा बाहेर घातला होता. हो.

पिचसाठी बफर्ड, बाकी सगळ्याला पॅसिव्ह चालतो. गेट (स्वर दाबला की सोडला एवढंच सांगणारा सिग्नल) तीन ठिकाणी द्यायचा असेल, फिल्टरला एलएफओ द्यायचा असेल, तिथं दोन टक्के इकडं तिकडं कुणाच्या बापाला कळत नाही.

याच मल्टचा दुसरा उद्योग. मल्ट म्हणजे मिक्सर न्हवे. एकदा मला व्हीसीओच्या एकाच इनपुटला कीबोर्ड पण द्यायचा होता आणि एलएफओ पण, दुसरं इनपुट अडकलेलं होतं, तर मी दोन्ही आउटपुट मल्टमध्ये खुपसले. एलएफओचा लेव्हल शून्यावर ठेवून सुरुवात केली की हळूहळू वाढवू. तर सा वाजवला आणि मग वरचा सा दाबला, आला तीव्र मध्यम. स्वच्छ, सुरेल तीव्र मध्यम. काकू आतल्या खोलीतून म्हणाल्या यमन धरलास का. दोन आउटपुट एकमेकांवर ढकलाढकली करतात, दोघांनाही १ किलोओहम, मग मधलं व्होल्टेज म्हणजे दोघांची सरासरी. एलएफओ शून्यावर असला तरी तो "नाही" म्हणत नाही, तो "शून्य" म्हणतो, आणि कीबोर्डचं व्होल्टेज निम्मं होतं. एक ऑक्टेव्हचं अर्धं म्हणजे सहा सेमीटोन, सा ते तीव्र म. तुमच्या कीबोर्डवर ऑक्टेव्ह दाबून तीव्र मध्यम आला तर दुसरं काही तपासू नका, कुठंतरी दोन आउटपुट एकत्र भिडलेत. बेरीज पाहिजे तर अॅक्टिव्ह मिक्सर पाहिजे.

आता आंदोलन. व्हायब्रेटो लावला की सायरन वाजतो ही तक्रार तर इतक्या वेळा ऐकली. युरोरॅकमधला एलएफओ सहसा अधिक-उणे ५ व्होल्ट देतो. तो थेट पिच इनपुटला दिला तर अधिक-उणे पाच ऑक्टेव्ह, म्हणजे अँब्युलन्सच. कोमल गंधाराला हलकं आंदोलन पाहिजे, समजा वीस सेंट इकडं वीस सेंट तिकडं, त्याला लागतात फक्त १७ मिलिव्होल्ट. लेव्हलचा नॉब तीनशे अंश फिरतो धरला तर ५ व्होल्टातून १७ मिलिव्होल्ट काढायला तो एक अंश फिरवायला लागतो. एक अंश! मी श्वास रोखून फिरवायचो, आणि मग बाहेरून ट्रक गेला की टेबल हलून परत सायरन. नॉब खराब न्हवता, नॉबला करायला दिलेलं काम खराब होतं.

यावर माझा जुगाड: एका पॅच केबलची साडेतीन एमएमची मोनो पिन उघडली, टोकाच्या वायरच्या मधोमध १ मेगाओहमचा रेझिस्टर सोल्डर केला, वर स्लीव्ह घातली, आणि केबलला लाल टेप गुंडाळला. व्हीसीओचं इनपुट १०० किलोओहमचं असेल तर अकरावा भाग आत जातो, ५ व्होल्टचं साधारण ०.४५ होतं. आता नॉब अकरा अंश फिरवला की आंदोलन. अकरा अंश माणसाला जमतात. पण लाल टेप विसरू नका, कारण ही केबल एकदा चुकून कीबोर्डच्या सीव्हीला लागली आणि तीन सप्तकं एका सप्तकाच्या पावभागात मावली, अर्धा तास मला वाटलं कीबोर्ड मेला.

मल्ट बदलला, ट्रिमर परत बसवले, दोन महिने शांतता. मग काकू परत: "षड्ज पडत नाही आता, पण डुलतो." तीन-साडेतीन सेकंदांना एक हलका हेलकावा, फक्त एका ऑसिलेटरला. एलएफओ फिल्टरला लावलेला, व्हीसीओला लावलेलाच नाही. मी ती केबल पण काढली. तरी डुलतोय. सगळ्या पॅच केबल काढून फक्त ऑसिलेटर ऐकले तरी डुलतोय, आणि एलएफओचा वेग वाढवला की डुलणं पण वाढतं.

ही चाचणी फार कामाची आहे म्हणून सावकाश सांगतो. केबल काढल्यावर त्रास गेला तर चूक पॅचमध्ये, केबल काढून पण राहिला तर चूक बहुतेक पॉवरमध्ये. माझ्याकडं एलएफओचा एलईडी लुकलुकायचा त्याच तालात व्हीसीओ हलत होता. एलईडीचा करंट २० मिलिअॅम्प, एलएफओ आणि तो व्हीसीओ दोघंही एकाच बारीक रिबनवरून (चपटी पॉवर केबल) ग्राउंड घेत होते, त्या रिबनचा आणि कनेक्टरचा मिळून ०.१ ओहम धरला तरी २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. २ मिलिव्होल्ट म्हणजे अडीच सेंटपण नाही. पण काळी चारला, म्हणजे २०८ हर्ट्झच्या आसपास, तेवढ्यानं दुसऱ्या ऑसिलेटरशी साडेतीन सेकंदाची बीट येते. इथं मल्टीमीटर काही कामाचा नाही, २० व्होल्टच्या रेंजला त्याचा शेवटचा आकडाच १० मिलिव्होल्टचा, म्हणजे बारा सेंट. काकूंचा कान त्याच्या पाचपट बारीक निघाला. एलएफओची रिबन वेगळ्या हेडरला (पिनांच्या सॉकेटला) नेली, सप्लायपासून बोर्डापर्यंत ग्राउंडची जाड वायर टाकली, डुलणं गेलं. (रिबन उलटसुलट करताना लाल पट्टी उणे बारा व्होल्टच्या बाजूला, हे दरवेळी बघा, घाईत मॉड्युल जाळून बसलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मी.)

आणि तिसरा त्रास, जो फक्त संध्याकाळी यायचा. साडेसहा ते नऊ. ड्रोनमध्ये गुणगुण आणि सूर खरखरीत. सकाळच्या रियाजाला काही नाही. मी आधी वेल्डिंगवर ढकललं, उद्यमनगरच्या जवळ राहतोय म्हटल्यावर दोष द्यायला माणसं तयार असतात. पण रविवारी, कारखाने बंद असताना पण संध्याकाळी तेच. मग प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर आणून लावला, दिवसा २३०, संध्याकाळी १९५.

आता माझ्या पॉवर सप्लायची लाज काढतो. आत ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, पुढं ७८१२ आणि ७९१२ रेग्युलेटर (अधिक आणि उणे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारे). दुकानात १५-०-१५ पण होता, पण १२ पाहिजे म्हणजे १२ चा घ्या असा माझा हिशोब. ७८१२ ला १२ व्होल्ट द्यायला आत १४ तरी लागतात. २३० ला १२ चा ट्रान्सफॉर्मर शिखरावर १७ देतो, डायोडचे ०.७ गेले, १६.३, चाललं. १९५ ला तोच हिशोब १३.७ वर येतो आणि त्यातून रिपल (डीसीवर उरलेली लहर) आणखी वजा. रेग्युलेटर मग रेग्युलेट करायचं सोडून देतो आणि शंभर हर्ट्झची गुणगुण सरळ रेलवर (मॉड्युलांच्या पॉवर लाइनवर) येते, रेलवरून व्हीसीओत, तिथून काकूंच्या कानात. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा बदलला, हीटसिंक जरा मोठी केली कारण आता रेग्युलेटर जास्त तापतो, संपलं. हे काम २३० व्होल्टच्या बाजूचं आहे, सवय नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या किंवा तयार सप्लाय घ्या, इथं हौस नको.

थोडक्यात उरलेलं. पावसाळ्यात आपल्याकडं जुलै-ऑगस्टला हवा इतकी दमट असते की जॅकचे पत्रे काळपटतात. सगळ्यात फसवा प्रकार नॉर्मल्ड जॅकचा: काहीच लावलेलं नसताना आतून एक जोडणी चालू असते आणि केबल लावली की तुटते, तो आतला पत्रा गंजला की केबल न लावता मॉड्युलेशन गायब, आणि आपण केबल शोधतोय. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं येतं, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनर. उन्हाळ्यात उलटं, ऑसिलेटरच्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरमधल्या (व्होल्टेजवरून स्वर ठरवणाऱ्या भागातल्या) ट्रान्झिस्टरचं स्केल दर अंशाला ०.३३ टक्के बदलतं, चांगल्या व्हीसीओत त्यासाठी टेम्पको (तापमानाचा फरक भरून काढणारा) रेझिस्टर असतो, नसेल तर दुपारी मिळवलेलं संध्याकाळी राहत नाही. काहीही असो, अर्धा तास गरम होऊ द्या, मगच मिळवा. लॅपटॉपवरून सीव्ही पाठवत असाल आणि सावकाश एलएफओ पोचतच नसेल तर ऑडिओ इंटरफेसचं आउटपुट डीसी-कपल्ड (स्थिर आणि सावकाश व्होल्टेज पण बाहेर सोडणारं) आहे का बघा, नसेल तर कपॅसिटर सगळं गिळतो. आणि कोर्ग एमएस-२० सारखं हर्ट्झ पर व्होल्टचं मशीन १ व्होल्ट पर ऑक्टेव्हच्या कीबोर्डला लावलं तर सूर कधीच लागणार नाहीत, तिथं ऑक्टेव्हला व्होल्टेज दुप्पट होतं, १, २, ४ असं. ते बिघाड न्हवे, भाषाच वेगळी आहे.

ट्रिमर बिघडवून बसला असाल माझ्यासारखे, तर: गरम होऊ द्या, बफर्ड मल्टमधून १ व्होल्ट द्या आणि मोठ्या नॉबनं ट्यूनरवर स्वर मिळवा, मग ३ व्होल्ट द्या, दोन ऑक्टेव्ह वर, आता फक्त ट्रिमर फिरवून तो स्वर मिळवा. परत खाली या, खालचा हललेला असणार, नॉबनं मिळवा, परत वर. पाच-सहा फेऱ्या लागतात. मला अकरा लागल्या, कारण मध्ये चहा झाला आणि टेबलफॅन लावला.

सध्या ड्रोन चालू आहे, काकू रोज सकाळी सातला येतात. कालच म्हणाल्या पंचम जरा चढा वाटतोय. मी म्हटलं काकू, पंचम मीच शुद्ध लावलाय, पेटीचा पंचम दोन सेंट खाली असतो. त्या म्हणाल्या ते मला माहीत आहे, तुझा त्याच्याहून चढा आहे. आज संध्याकाळी मोजणार आहे.